चौथा कंस

माझगावच्या गाळ्यात रात्री पावणेअकरा.
भरती-ओहोटीच्या खिसावहीची फाइल
तीनशे बाराव्या ओळीवर अडली.
मशीन म्हणतं, इथे चूक आहे.
इथे काहीच नाही. दहादा वाचली ओळ.
ठेच कुठे लागली तेवढं त्याला कळतं,
दगड कुणी ठेवला ते नाही.

पुन्हा चालवली. शंभर चुका मोजून
ते स्वतःच थांबलं:
बास, आता तू बघ.

इनास तुस्कानो ऑगस्टपर्यंतची पानं बसवून
वसईला गेले कायमचे.
जाताना गाळ्याची किल्ली दिली, आणि ही आज्ञा, \पाणी,
पुढे चार महिरपी कंस.
दिवसातून चारदा पाणी वळतं, पोरी.
तिच्या पोटात आणखी सात आज्ञा,
नावं सगळी मासळीची:
\बोंबील रकाना पाडतो, \मांदेली रेघ ओढते,
\मुडदुशी काय करते
ते त्यांनाही आठवत नव्हतं.

माझा संशय अर्थात मुडदुशीवर.
तिला झाकलं, तर पानच उडालं. परत आणली.

मग अर्धं वर्ष झाकलं. जून सुखरूप.
ऑगस्ट उघडला, सुखरूप.
सप्टेंबर उघडला आणि कोसळलं सगळं.
सप्टेंबर माझा. मी टाइप केलेला.
पंधरवडा झाकला, मग आठवडा,
शेवटी एकोणीस तारीख उरली, एकटी,
तीनशे अकराव्या ओळीत. एकच ओळ वर.

पहाटे पाच पन्नास. दुपारी बारा. संध्याकाळी सहा दहा.
तक्त्यात तीनच वेळा होत्या,
मी तीनच कंस दिले.
चौथ्यासाठी आज्ञेने हात पुढे केला,
हाताला वीस तारीख लागली,
तीच तोंडात घातली.

सहा दहानंतरचं पाणी वळतं बारा वीसला,
म्हणजे दुसऱ्या दिवशी.
तुस्कानोंचा ऑगस्ट उघडून पाहिला:
असे दोन दिवस,
आणि दोन्हीकडे शेवटी एक कंस,
उघडलेला, मिटलेला, आत काही नाही.
मी तो कितीदा पाहिला असेन.
वाटलं होतं, म्हाताऱ्याचं बोट घसरलं.

{}

डिसेंबरपर्यंत चाललं, न अडखळता.
धक्क्यावर कुणीतरी इंजिन सुरू करून बघतंय,
दोनदा खोकून बंद पडलं.
सकाळी नऊला प्लेटा.
मुडदुशीचं अजून कळलेलं नाही.
राहू दे.