कधीपासून?

डंडीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
नवा डॉक्टर फॉर्म भरतो आहे.
नाव ग्रिझेल दुथी. वय एकोणऐंशी.
मग मान वर न करताच विचारतो :
श्रवणशक्तीला कधीपासून मुकल्या?

मी दोघांच्या मध्ये.
सहा वर्षांची असल्यापासून मी अशीच मध्ये बसते,
बँकेत, शाळेत,
बाबांच्या शवपेटीचा भाव ठरवताना.

मुकल्या.
हा शब्द आईच्या हातांत घालू बघते
तर तो बसतच नाही,
दुसरीच्या मापाची अंगठी.
हातमोजा बसमध्ये राहिला, त्याला मुकलो, हे तिला कळतं.
बाबा गेले, तेही.
पण जे घरी कधी आलंच नाही
ते गेलं कधी, याची तारीख कुठून आणायची?

आई डॉक्टरकडे बघते, डॉक्टर कागदाकडे.
ती टेबलावर पंजा आपटते.
लाकडातून थरथर त्याच्या कोपरापर्यंत जाते
आणि तो दचकून वर बघतो.
आमच्यात हाक अशी मारतात.

ती म्हणते
(म्हणतेच. हातवारे नव्हेत ते.
हातवारे माणसं बस चुकल्यावर करतात) :
माझं काही हरवलेलं नाही, बाळा.
मी डंडीची आहे तशी बहिरी आहे.
डंडीच्या कधीपासून झालात, असा रकाना आहे का तुझ्याकडे?

आणि लगेच, फक्त मला :
हा ग्लासगोचा दिसतो. ओठ बघ, अर्धे शब्द गिळतो.

मला हसू आवरत नाही, कारण ग्लासगोचे बहिरे
हिच्या आकड्यांना हसतात.
सहा, सात, आठ ही अजून शाळेतल्यासारखे मोजते.
त्या शाळेत हात मांड्यांखाली दाबून बसायला लागायचं,
तोंडानं बोला म्हणून.
आकडे शिकली ती न्हाणीघरात,
मोठ्या मुलींकडून, चोरून, ओल्या बोटांनी.

घरी दोघांचं भांडण पेटलं
की बाबा शांतपणे डोळे मिटून घ्यायचे.
लोक कानाडोळा करतात;
आमच्याकडे डोळा पुरायचा.
आई मग त्यांच्या पापण्या उचलून भांडायची.

डॉक्टर लिहितो : जन्मतः.
पुढे : हानी, तीव्र.
आई उलट्या बाजूनं ते वाचते
आणि कोटाची बटणं लावू लागते.

क्लबची इमारत गेल्या हिवाळ्यात विकली गेली.
तरी गुरुवारी सगळी मंडळी तिथंच जमतात,
बंद दारासमोर, दिव्याच्या खांबाखाली,
कारण बोलायला उजेड लागतो.
निघते, निघते म्हणत अकरा वाजतात.
कुणाच्या नातीचं लग्न, कुणाचा गुडघा,
जॉक मेल्डरमची तीच जुनी मासेमारीची थाप,
दर खेपेला मासा वीतभर वाढलेला.

मी बाजूला उभी, दोन्ही हातांत
आईच्या सामानाच्या पिशव्या.
जॉक मला काहीतरी विचारतो.
सगळे माझ्याकडे बघतात, थांबतात.
पिशव्या ठेवायला खाली कोरडी जागा नाही.

त्या घोळक्यात
मुकी एकटी मीच.