साबणावरचा ठसा

नाव तोडणकर, धंदा कुलुपं उघडायचा,
आडनावाला मी अजून जागलोय.
कन्नमवार नगर, मच्छी मार्केटच्या कडेला
खांबाखाली माझी पेटी. एकतीस वर्षं.
खांबावर आता कॅमेरा आहे,
कॅमेऱ्याखाली साहेबांचा फोटो, हात जोडलेले,
फोटोवर उजेड पडावा म्हणून खास वेगळा बल्ब.
खांबाचा स्वतःचा दिवा गणपतीपासून बंद.

मार्चमध्ये माझी कानस चोरीला गेली.
जुनी, हाताला बसलेली.
चौकीत गेलो. हवालदार मोकल चांगला माणूस,
आधी चहा सांगितला. मग म्हणाला,
कॅमेरा चालू आहे हो, दिसतं सगळं,
साठवत नाही फक्त.
मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं शेवटी.
तो हसला. कानस नाही मिळाली.

मी नव्याच्या विरुद्ध नाही.
पेटीवर क्यूआर लावलाय. डबा ओरडतो,
चाळीस रुपये मिळाले,
तेव्हा अख्ख्या फुटपाथला माझी कमाई कळते.
पण रेशनच्या मशीनला माझा अंगठा कळत नाही.
पितळ घासता घासता रेघा गेल्या.
दुकानदार म्हणतो, पुसा. ओला करा. दुसरं बोट.
दहाही झाली. मागे रांग खोकते.
मशीन म्हणतं, तुम्ही तुम्ही नाही.
अर्ध्या विक्रोळीची दारं ज्या बोटांनी उघडली
त्यांना पाच किलो तांदूळ उघडेनात.
मतदानाची शाई मात्र चढते.
तिला रेघा लागत नाहीत.

परवा रात्री साडेअकराला टॉवरमधून फोन.
सतराव्या मजल्यावरच्या खानविलकर बाई
कचरा ठेवायला बाहेर आल्या, दार मागे लागलं.
बोटाचं कुलूप. सेल संपलेले. गॅसवर दूध.
गेटवर घाडगे, ज्याच्या ट्रंकेची चावी मीच केलेली,
म्हणाला, काका, ओटीपी.
ओटीपी बाईंच्या फोनवर.
फोन आत, दुधाच्या शेजारी.
मला फोन केला होता तो शेजारच्यांनी,
आणि ते आता उचलेनात.
आम्ही दोघे उभे. वीस वर्षांची ओळख
आणि चार आकड्यांची वाट.
शेवटी त्यानं इकडेतिकडे बघून
डिलिव्हरीचं बटण दाबलं.
मी पिझ्झा होऊन वर गेलो.

त्या कुलपाला खाली, झाकणाआड,
साधं चावीचं भोक होतं.
म्हणजे बनवणाऱ्याचाही पुरता भरवसा नव्हता.
दोन तारा, सात मिनिटं.
दूध करपलेलं, बाई रडल्या,
मग डोळे पुसत म्हणाल्या, इतक्या लवकर उघडतं?
आणि पैसे देताना
माझ्याकडे जरा वेगळंच बघितलं.

निवडणूक आलीय. साहेबांची पोरं वही घेऊन फिरतायत.
वॉर्डात आणखी साठ कॅमेरे येणार.
तोडणकर, अजून काय हवं?
मी वर बोट दाखवलं. दिवा.
त्यांनी लिहून घेतलं, आणि खांबासोबत माझा फोटो काढला.

काल एक पोरगा आला, साबण घेऊन.
गुलाबी, नवा, त्यात चावीचा ठसा.
म्हणाला, आईची चावी. आई गावाला गेलीय.
साबणावरून मी चावी करत नाही,
हा माझा एकच कायदा, कुठल्या सभागृहात न झालेला.
म्हटलं, शेजाऱ्याला घेऊन ये.
तो म्हणाला, आम्ही नवीन आहोत, ओळखत नाही कोणी.
मी मान हलवली. तो गेला.

वर कॅमेऱ्यानं बघितलं असेल
आणि विसरलाही असेल.
माझ्या मात्र डोक्यातून जात नाही,
निळा शर्ट, बटण तुटलेलं,
साबण दोन्ही हातांत धरलेला, पाखरू धरावं तसा.
चावी खरंच आईची असली तर?

आज पेटी साडेनऊपर्यंत उघडी ठेवली.
साहेबांच्या फोटोच्या उजेडात
जुन्या चाव्या उगाच घासत बसलो.