भांड्याला भांडं

रात्री बरोबर दहाला
आमच्या गल्लीत देश सुरू व्हायचा.

आधी औषधांच्या दुकानावरची म्हातारी,
चमच्याने झाकणावर, घसा खाकरल्यासारखं.
मग तिसरा मजला, मग कोपऱ्यावरचे जुळे भाऊ,
मग सगळं तेर्रासा,
बंद गिरण्यांच्या धुराड्यांपर्यंत
तवे, कढया, डाव.
आणि आमच्या गॅलरीत माझे बाबा, एउदाल्द,
उभ्या जन्मात कॉफीचा कप न विसळलेला माणूस,
आईचं मसुराचं पातेलं बडवत.

आई आत. टीव्हीचा आवाज वाढवून.

ती हाएनकडची, ऑलिव्हच्या टेकड्यांतली.
सात वर्षांची असताना आली
रात्रभराच्या गाडीने, पुठ्ठ्याच्या बॅगेवर बसून.
इथल्या शाळेत तिला एक शब्द चिकटला,
उपऱ्यांना चिकटतो तो.
अजून ती तो उच्चारत नाही.
बाबांना त्यांच्या शाळेत
घरची भाषा टोपीसारखी काढून
खुंटीवर ठेवावी लागे.
मला वाटायचं, दोघांच्या गालावर हात एकच उठला असणार.
एकदा जेवताना तसं बोलले,
तर दोघंही म्हणाली, एकदमच, दोन भाषांत,
"तुला काय कळतंय, नेउस."

सप्टेंबरात मतपेटी आली.
पांढरी, प्लास्टिकची, काळ्या झाकणाची.
बाबांनी ती माळ्यावर दडवली,
नाताळच्या खोक्यामागे,
जिथे मेंढपाळ, एक कान तुटलेलं गाढव
आणि कागदाचा डोंगर वर्षभर झोपतात.
घरात कुणालाच पत्ता नाही म्हणून खूश होते.
आई दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची.

एक ऑक्टोबरला पहाटे पाचला पाऊस होता.
शाळेच्या दाराशी छत्र्या.
आई थर्मास घेऊन गेली,
शेवटच्या माणसापर्यंत कॉफी ओतली,
मत न देता घरी आली.
"गारठले होते सगळे," एवढंच.

आमच्या शाळेत पोलीस आले नाहीत.
दुसऱ्या गावांतल्या लाठ्या आम्ही फोनवर पाहिल्या,
आणि एक आजी, पायरीवर बसलेली,
कपाळावरून ओघळ.
आई बाबांना खेटून बसली होती.
कुणीच काही म्हणालं नाही.

त्या रात्री दहाला ती गॅलरीत आली.
मला वाटलं, आता.
तिने बाबांच्या हातातलं पातेलं घेतलं,
उलटं करून दिव्याखाली धरलं.
"पोचा आलाय," म्हणाली.
"माझ्या आईचं आहे हे, फुएनसांताचं.
देश करायचाय तर करा.
भांडी आपापली आणा."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुदकन हसलं.
बाबा नाही हसले.
दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वस्तातलं पातेलं घेऊन आले.
त्याला काही केल्या नाद येईना.

पुढच्या रविवारी ती बार्सेलोनाला गेली,
कासिमिरोमामाबरोबर, दुसऱ्या झेंड्यांच्या मोर्चात.
दुपारीच परतली.
"एक बाई तुझ्या बाबांना शिव्या घालत होती," म्हणाली.
"नाव न घेता. पण त्यांनाच."
मामाने त्यानंतर आमच्याकडे जेवणं सोडलं.
वर्षभर.
मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि डबा बाबाच पोचवत राहिले,
दारात ठेवून, बेल वाजवून, जिना उतरून.

आता झेंडा उन्हाने विटलाय.
पिवळं कुठलं, लाल कुठलं,
जवळ गेल्याशिवाय कळत नाही.
बाबा काढत नाहीत.
आई काढत नाही, पण त्याच्या दोरीवर
मोजे वाळत घालते.

मीही होते त्या दिवशी रांगेत,
आईच्या हातची कॉफी पीत.
कागदावर हो की नाही, काय केलं,
दोघांनीही मला कधी विचारलेलं नाही.
विचारतील या धास्तीने
मी अजून रविवारी थोडी उशिराच पोचते.

पातेलं शेगडीवर डुगडुगतं.
आई ढवळते तेव्हा
बाबा उठून त्याचा कान धरतात,
फडक्याने, पेपरातून नजर न काढता.
एका बाजूचे मसूर जास्त शिजतात.
दुसऱ्या बाजूचे
दाताखाली येतात.