सेकंदाला पाच

ह्या डोळ्याला चित्र दिसत नाही.
जिथं उजेड किंचित कमी-जास्त होतो
तेवढाच ठिपका तो टिपतो, आणि त्याची वेळ,
सेकंदाच्या दहा लाखाव्या तुकड्यापर्यंत.
बाकी भिंत, खुर्ची, खिडकीबाहेरचं तळं
वारा पडला की नाहीतच.

कुओपिओच्या वर, उर्हो केम्पाइनेनच्या होडीघरात
राइलीनं जूनपासून हा पसारा मांडलाय.
रात्रीचे पावणेअकरा, आणि ऊन अजून फळ्यांवर.
काचेच्या पेटीत पांढरी रानफुलं,
वर अधांतरी एक फूलमाशी,
जागच्या जागी.
म्हणून पडद्यावर तिचं अंग नाहीच,
नुसते पंखांचे दोन धुरकट पुंजके
आणि मधे माशीएवढी मोकळी जागा.
डोळ्याचं पातं लवेस्तोवर
तीसेकदा वरखाली झालेले असतात ते पंख.

उर्हो भाडं मागायला आला होता.
कोपऱ्यात बसून बघत राहिला.
पेटीचं झाकण काढताना माशी सुटली
ती थेट त्याच्या मांडीवरच्या हातावर.
"हलू नका," राइली भिंग वळवत म्हणाली.
"नाही हलत," तो म्हणाला.

माशीनं पंख मिटले
आणि हातात मिसळून गेली.
राहिली पाच बोटं, ठिपक्याठिपक्यांची,
विझत, पेटत,
अंगठा गोळी वळत असल्यासारखा.
मागे माणूस नाही.

मी वहीत मान घातली.
नको त्या ठिपक्यांना आम्ही गोंगाट म्हणतो,
गाळून टाकतो.
राइलीचं बोट बटणापाशी गेलं
आणि तिथंच थांबलं.

तोच मग बोलला, पडद्याकडे बघत,
"माशीचे किती?"
"सेकंदाला एकशे ऐंशी."
"आणि माझे?"
तिनं मोजले. पुन्हा एकदा मोजले.
"पाच."
"मग उडायला नाही पुरायचे,"
म्हणाला, आणि हात खिशात घातला
माशी उठेपर्यंत थांबून, हळूच.

तो उभा राहिला तेव्हा
पडद्यावर पहिल्यांदाच अख्खा दिसला,
टोपी, खांदे, गुडघा सांभाळत टाकलेली पावलं,
दारापर्यंत.
दार त्याच्यामागे थोडा वेळ हलत होतं,
तेही आलं.

भाड्याचं राहूनच गेलं.
वहीत मी लिहिलं:
अकरा वाजून चार मिनिटं. वारा नाही.