पातळ हात

आधी हातात प्लास्टिकची पिशवी घाल, दिगंबर.
दुधाची नको, ती जाड. कोथिंबिरीची घे.
आता बॉनेटवरून बोटं फिरव, हळू,
तांदळातला खडा शोधतात तशी.
लागलं काही? कचकच?
डोळ्याला ही गाडी स्वच्छ आहे,
दोन बादल्यांनी धुतलेली,
एक साबणाची, एक नुसतं फडकं खळबळायची.
ही कचकच तुर्भ्याच्या खाणीची,
पावण्याच्या धुराड्यांची,
ठाणे-बेलापूर रोडवर दाबलेल्या ब्रेकांची.
रंगात रुतून बसते, पाण्याला दाद देत नाही.
तिला ही निळी माती लागते.
मळ, चपटी कर, पुरीच्या लाटीएवढी,
आणि खाली पडली तर फेकून दे.
दोनशे रुपये गेले म्हणून हरेशशेठ ओरडतील.
ओरडू देत.
पडलेल्या मातीने घासलंस
तर ओरडायला गाडीचा मालक येईल.

मालकीण. बेलापूरच्या दातांच्या डॉक्टरबाई.
ट्यूबलाइटखाली ये, इकडून बघ.
गोल गोल जाळी दिसते ना, कोळ्याने विणल्यासारखी?
ती त्यांच्या वॉचमनची मेहनत.
रोज पहाटे कोरड्या फडक्याने पुसतो,
महिना पाचशे, एक दिवस खाडा नाही.

आता मशीन. कडांना टेप लावलीस?
कडेला रंग कमी असतो, तिथे रेंगाळायचं नाही.
एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत नाही आपण, तुला सांगतो.
ओरखडा निघत नसतो.
आजूबाजूचा रंग उतरवत आणायचा
त्याच्या तळापर्यंत.
सगळं एका पातळीला आलं की लोक म्हणतात, गेला.
म्हणून हे दरवर्षी करायचं नाही.
किती उरलाय ते मोजायचं मीटर आहे कपाटात,
किल्ली शेठकडे.

माझा अंगठा बघ.
चौदा वर्षं कंपाउंडमध्ये.
परवा घणसोलीत रेशनच्या मशीनवर ठेवला. लाल दिवा.
शर्टाला पुसून ठेवला. लाल.
डावा ठेवला. लाल.
मागच्या बाया उपाय सांगायला लागल्या,
खोबरेल लावा, लिंबू चोळा, केसांवर घासा.
दुकानदार म्हणाला, भोईरकाका,
मशीन म्हणते तुम्ही नाहीच.
मी तर तिथेच होतो, तांदळाची पिशवी घेऊन.
शेवटी सुनेला फोन केला.
ती हातातली कणीक धुऊन आली,
तिचा पहिल्या झटक्यात हिरवा.

हस की. मीही हसलो.

आता मेण.
जाड थापलं की जास्त टिकतं
हे भिंती रंगवणाऱ्यांचं गणित.
इथे पातळ हात. हरभऱ्याएवढं घे,
एका दाराला पुरून उरतं.
उन्हात नाही, गरम पत्र्यावर तर नाहीच.
लावलं की हात मागे घे, चहा पिऊन ये.
काचेवर वाफ धरते तसं पांढुरकं होईल.
मग एका कोपऱ्यात बोटाने रेघ ओढ.
स्वच्छ उमटली तर पुसायला घे,
माखली तर अजून थांब.
तुझ्याच बोटाने ओढ.
माझ्या बोटाला आता सगळंच गुळगुळीत लागतं.

डॉक्टरबाई विचारतील, किती दिवस?
तीन महिने सांग, चार सांगू नको.
पाणी शिंपडून दाखव,
थेंब अळूवरच्यासारखे पळाले की त्या खूश.
पळायचे थांबले की परत या म्हणावं.
कावळ्याने घाण केली तर त्याच दिवशी
ओल्या फडक्याने, दाबून, घासून नाही.
उद्यावर टाकली तर डाग जन्माचा.

आणि हे मऊ फडकं
त्यांच्या वॉचमनला द्यायला सांग.
ओलं करून पूस म्हणावं.
बिलात धरू नको, शेठला बोलू नको.
तो वापरणार नाही, मला माहीत आहे.
नवंकोरं आहे म्हणून
घडी घालून पेटीत ठेवेल.
दोन दे.