छप्पर

सायरन वाजला की खेळ सोडून यायचं,
असं क्लबच्या दारात लिहिलंय, पितळी अक्षरांत.
मिस्टर विदरस्पून ते रोज वाचतात
आणि रोज विसरतात.

आज चौदाव्या होलच्या कडेला त्यांची पांढरी गोल्फगाडी,
चार दांड्यांवर फायबरचं छप्पर,
चारही बाजू मोकळ्या,
आणि आत ते, ऐंशी वर्षांचे, गुडघ्यांवर टॉवेल,
नवरदेवासारखे ऐसपैस.

टँपाच्या बाजूनं आभाळ जांभळ्याचं काळं होत आलेलं.
जुलैत इथं दुपारी तीनला ते येतंच,
उधारी वसूल करायला आल्यासारखं.

मी गवताचा माणूस, विलनेर.
पिकअप थेट हिरवळीवर घातली (यावरून नोकरी जाऊ शकते)
आणि हाक मारली, "साहेब, चला."

"अरे, डोक्यावर छप्पर आहे की.
आणि खाली रबर. रबरातून वीज जात नाही,
शाळेत शिकवलंय."

शाळेत मलाही शिकवलं होतं, जाकमेलला.
त्याच शाळेच्या रस्त्यावर
माझ्या द्यफोर मामाचा टेम्पो,
मागं ताडपत्री ताणलेली, ताडपत्रीखाली
माणसं, कोंबड्या, केळ्यांचे घड.
टायर नवेकोरे. मामानं महिनाभर मिरवले होते.
दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तेव्हा
टायर चारही शाबूत होते.

हे मी साहेबांना सांगत नाही.
इंग्रजीत ते फार लहान होतं.

एवढंच म्हणतो,
"जी अख्खं आभाळ ओलांडून आली
ती वीतभर रबराशी थांबेल का, साहेब?"

ते गाडीकडं बघतात. गंज, चिखल, युरियाची पोती.
"तुझ्या या डब्यात?"
"डबा आहे म्हणूनच."

हातातली लोखंडी काठी मी काढून घेतली, तिथंच टाकली.
त्यांना काखेत धरून वर चढवलं.
दारं बंद. काचा वर.
"रेडिओला हात नको. कडीला नको.
हात मांडीवर. पडलीच तर ती पत्र्यावरून उतरेल,
बाहेरच्या बाहेर, जमिनीत.
आपण मध्ये नुसतं बसायचं."

ते बसले. चर्चमध्ये बसतात तसे.
त्यांच्या बुटांखाली माझा जेवणाचा डबा.

मग उजेड.
मी मोजायला लागलो, एक, दो—
तळ्याकाठचा पाइन उभाच्या उभा सोललेला.
काचेवर सालीचे तुकडे.
बाहेर ती पांढरी गाडी पावसात,
आपल्या काठ्या वर करून
कोणाला तरी बोलावत असलेली.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.
दरवेळी वाटतं हा शेवटचा,
आणि दरवेळी घड्याळ पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा मोजणी सुरू झाली तेव्हा ते बोलले.
"आमची एक उघड्या टपाची गाडी होती.
वर कापड. बटण दाबलं की छत्रीसारखं मिटायचं.
कोरली घाबरायची. मी म्हणायचो,
टायर आहेत ना, वेडे.
भर वादळात चालवायचो. किती वर्षं."

वायपरचा रबर काचेला चिकटून बसलेला.
मी विचारलं, "बाईंना पटायचं?"

"नाही. ती मोठमोठ्यानं गायची.
मला वाटायचं, मजेत आहे."

यावर मी काय बोलणार.
युरियाचा वास. आमचे चार हात, मांडीवर.

थोड्या वेळानं पाऊस विरळ झाला, ऊन आलं,
धुतलेलं गवत इतकं हिरवं की माझं मलाच नवल वाटलं.
त्यांचा हात कडीकडं निघाला.

"अजून नऊ मिनिटं, साहेब."

हात परत आला.
टॉवेलाची घडी घातली, मोडली,
पुन्हा घातली.