हवा कुठून शिरली

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात दिवा धरल्यावर
दवाखान्यानं निरोपाला घड्याळ देऊ केलं.
गुनवोर म्हणाली, त्यापेक्षा तो जुना हँडपीस द्या,
वाकड्या मानेचा, मागच्या दाढांचा.

आता गोठ्यात गाय नाही. बाक आहे,
बाहेर वार्मलांडचा फेब्रुवारी, आत रॉकेलची शेगडी,
आणि बाकावर तीनशे क्रोनरची चेनसॉ,
मुठीवर खिळ्यानं कोरलेलं : अल्गोत.

विकताना मायकेन म्हणाली होती,
"जळलीय. पेट्रोलात तेल घालायला विसरला.
तेव्हा तो सगळंच विसरायला लागला होता."
आणि नोटा दोनदा मोजल्या.

चार बोल्ट. सिलिंडर वर ओढला, तर पिस्टन
दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा,
पण एकाच अंगाला, धूर जातो तिकडे.
मागची बाजू कोरी. कारखान्याच्या बारीक रेघा तशाच.
गुनवोरच्या भुवया जराशा वर गेल्या, बस.
नवा पिस्टन टपालानं मागवला.

कापसाच्या बोळ्यावर आम्ल. ॲल्युमिनियमचा चिकटा फसफसला,
खालचा कठीण थर शाबूत निघाला.
त्याला धक्का लावायचा नाही : भांड्याची कल्हई नव्हे ती,
कुणी दारावर येऊन परत लावून देणार नाही.

मग निळी शाई, मग हँडपीस.
एक्झॉस्टची खिडकी थोडी रुंद, छत केसभर वर,
आणि आतल्या वळणावर, जिथून ताजी वाफ शिरते,
तिथे दाढांची सवय असलेला हातच पोचतो.
शेजारचा सिक्स्टेन येऊन सांगून गेला,
नवा सिलिंडर स्वस्तात मिळतो, कशाला हा उद्योग.
ती म्हणाली, जाताना दार लाव, थंडी येते.
दात निदान कळवतात की दुखतंय.
धातू गप्प बसतो, म्हणून आणखी हळू.
शेवटी खिडकीच्या कडा गोल केल्या,
नाहीतर रिंग अडकते
आणि पंधरा रात्रींचा एका सेकंदात चुरा.

क्रँकवर नातवाचा कोनमापक, काट्याच्या जागी विणायची सुई.
शिशाची तार आत घालून चेपली, मोजली,
तळाचं गॅस्केट काढून टाकलं, पुन्हा मोजली :
नखाच्या जाडीइतकी फट. पुरे.

सील जुनेच ठेवले होते. दिसत तर चांगले होते.
सायकलच्या पंपानं हवा भरली, ब्रशानं साबणपाणी फिरवलं,
आणि फ्लायव्हीलमागे एक बुडबुडा आला.
पुसला.
परत आला, तिथेच.

ती स्टुलावर बसली.
तेल कमी नव्हतं. हवा जास्त होती.
मग कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला,
पहिल्या दिवशी टाकी पुसलेली चिंधी शोधली.
पेट्रोल केव्हाच उडून गेलेलं; उरला होता
हिरवट, चिकट, गोडसर वासाचा थर.
त्यानं घातलेलं. मापानं.

मार्चमध्ये, नवा सील बसवून, ती मायकेनकडे गेली,
हातात करवत, खिशात चिंधी.
सगळं सांगितलं, बुडबुड्यापासून. मायकेननं
अर्धंच ऐकलं असावं. चिंधी नाकाशी धरली.
"मी त्याला चारचौघांत बोलले होते, चर्चच्या कॉफीला."
आणि बऱ्याच वेळानं :
"गोठ्यातला दिवा मात्र तोच रात्रभर चालू ठेवायचा.
ते खरं."

मागे वादळात पडलेला बर्च होता.
तिसऱ्या ओढीला करवत उठली,
मोकळ्या हवेत जरा अडखळत, बोबडी,
मग लाकडात शिरली आणि आवाज एकसंध झाला.
भुसा बर्फावर पिवळा पडत गेला.
सहा ओंडके झाल्यावर गुनवोरनं मान वर केली :
मायकेन पायरीवर, अल्गोतच्या बुटांत, कोट न घालता.

चिंधी तिनं परत दिली नाही.